उतरवलेला प्रोग्राम आणि बहात्तर तासांची मुदत

रात्रीचा एक वाजलेला. घरातले सगळे झोपले आहेत. हॉलमधल्या टेबलावर लॅपटॉप उघडा आहे आणि कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला असलेला मुलगा डोळे चोळत बसला आहे. पाणी प्यायला उठलेली अम्मी विचारते, "बेटा, अजून जागाच?" तो म्हणतो, "सकाळी असाइनमेंट द्यायची आहे, अम्मी. प्रोग्राम चालतच नाही." अम्मीला त्यातले काही कळत नाही. ती चहा करून देते आणि झोपायला जाते. पाच मिनिटांनी त्याच्या मोबाइलवर मित्राचा मेसेज येतो. सोबत अख्खा प्रोग्राम. "नावं तेवढी बदल आणि टाकून दे. कोण बघतंय?"

त्यानंतरच्या पाच मिनिटांत त्या मुलाने काय करावे, हा या लेखाचा विषय आहे.

हे चित्र कुणा एका घरचे नाही. आपल्या वस्त्यांमधून बी.एस्सी. आयटी, बीसीए आणि इंजिनिअरिंगला जाणारी मुले-मुली आता घरोघरी दिसतात. यांतली पुष्कळ मुले त्यांच्या घरातली कॉलेजला जाणारी पहिलीच पिढी आहे. शाळेत गणित अडले तर भाईजान किंवा बाजी सांगत असत. प्रोग्रामिंग अडले तर घरात विचारायला कुणी नसते. आई-वडिलांना तर मूल काय शिकते आहे आणि त्यात कॉपी म्हणजे नेमके काय, हेच माहीत नसते. परीक्षेत चिठ्ठी बाळगणे ही कॉपी, हे सर्वांना कळते. पण घरी बसून केलेल्या प्रोग्राममध्ये मित्राची मदत कुठे संपते आणि चोरी कुठे सुरू होते?

हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांनाही पडलेला आहे. त्यांपैकी एकाने त्याचे उत्तर फार तपशिलात लिहून ठेवले आहे. ते आपण समजून घेऊ.

एक वर्ग आणि एक शब्द

अमेरिकेत बोस्टनजवळच्या केंब्रिज शहरात हार्वर्ड विद्यापीठ आहे. तिथे 'सीएस-५०' नावाचा प्रोग्रामिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम चालतो. २००७ पासून प्राध्यापक डेव्हिड मलान तो शिकवतात. ते स्वतः १९९६ मध्ये याच वर्गात विद्यार्थी म्हणून बसले होते. ज्याने आयुष्यात प्रोग्रामची एकही ओळ लिहिलेली नाही, अशा मुलासाठीही हा वर्ग खुला असतो. सुरुवात 'स्क्रॅच' या चित्रांच्या ठोकळ्यांच्या भाषेने होते, मग 'सी' येते, पुढे 'पायथन' आणि 'एसक्यूएल'. दर आठवड्याला घरी सोडवायची उदाहरणे दिली जातात आणि सगळा भर या उदाहरणांवर असतो.

आपल्याशी याचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध असा, की २०१२ पासून हा अभ्यासक्रम इंटरनेटवर जगभरासाठी मोफत खुला आहे. व्याख्याने तीच, उदाहरणे तीच आणि काम पूर्ण केले तर अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्रही विनामूल्य. महाडच्या, मालेगावच्या किंवा मुंब्र्याच्या मुलीला तो घरी बसून करता येतो. प्रामाणिकपणाच्या अटी मात्र तिलाही पाळाव्या लागतात. त्या मोडल्या तर प्रमाणपत्रावर पाणी सोडावे लागते.

या वर्गाच्या नियमांचा गाभा एका साध्या शब्दात आहे: रास्त वागा. तुम्ही जे काम सादर कराल त्याचे सार तुमचे स्वतःचे असले पाहिजे. पण 'रास्त' म्हणजे काय, हे एकोणीस वर्षांच्या मुलाच्या अंदाजावर सोडलेले नाही. काय रास्त आणि काय गैर, याच्या दोन लांबलचक याद्याच करून दिल्या आहेत.

काय चालते, काय चालत नाही

एक सोपे उदाहरण घेऊ. पहिल्या आठवड्यांत मुलांना एक पिरॅमिड काढायला सांगतात. जुन्या व्हिडिओ गेममधला मारिओ ज्या पायऱ्यांवरून उडी मारतो, तसा. वापरणाऱ्याने एक ते आठपैकी उंची सांगायची आणि प्रोग्रामने तेवढ्या ओळींत हॅश चिन्हांची पायरी रचायची. पहिल्या ओळीत एक चिन्ह, दुसरीत दोन, तिसरीत तीन. आणि ती डावीकडे न चिकटता उजव्या बाजूला सरकलेली हवी. वाचायला सोपे वाटते. नव्या मुलाची मात्र यात एक अख्खी रात्र जाऊ शकते.

यावर दोन मैत्रिणी बोलत आहेत असे समजा. एक म्हणते, "प्रत्येक ओळीत आधी मोकळ्या जागा छाप, मग चिन्हे. उंची चार असेल तर पहिल्या ओळीत तीन जागा." हे चालते. नियमच सांगतो की उदाहरणांबद्दल एकमेकांशी इंग्रजीत किंवा बोलण्याच्या दुसऱ्या कोणत्याही भाषेत चर्चा करायला हरकत नाही. म्हणजे मराठीत बोला, दखनीत बोला, कोकणीत बोला. विचार बोलून सांगता येतो. प्रोग्रामच्या भाषेत लिहून दिले, की मात्र ते उत्तर झाले.

दुसरा नियम वरवर पाहता चमत्कारिक वाटतो. अडल्यावर तुम्ही आपला प्रोग्राम दुसऱ्याला दाखवू शकता, पण दुसऱ्याचा प्रोग्राम तुम्ही बघायचा नाही. असे का? आपल्या स्वयंपाकघरातले उदाहरण घेऊ. तांदळाची भाकरी शिकणारी मुलगी थापता थापता चिरलेली भाकरी अम्मीला दाखवते. अम्मी पाहून सांगते, "उकडीला पाणी कमी पडलंय, पीठ अजून मळायला हवं." मुलगी पुन्हा मळते, पुन्हा थापते. हे शिकणे आहे. पण अम्मीने केलेल्या भाकऱ्या डब्यात भरून "मी केल्या" असे सांगितले, तर ती भाकरी कितीही गोल असो, मुलीच्या हाताला काही आलेले नाही. आपली चूक दाखवणाऱ्याला त्यातून शिकायला मिळते. दुसऱ्याचे तयार उत्तर एकदा पाहिले, की ते डोळ्यांपुढून हलत नाही आणि मग स्वतःचे काही सुचतच नाही.

याच चालीवर बाकीचे नियम आहेत. इंटरनेटवर एखाद्या शंकेचे उत्तर शोधणे चालते. तिथल्या दोन-चार ओळी घेतल्या तरी चालतात, मात्र त्या ओळी म्हणजेच दिलेल्या उदाहरणाचे उत्तर असता कामा नये, आणि कुठून घेतल्या ते आपल्या प्रोग्राममध्ये लिहिले पाहिजे. शिकवणी लावली, तिचे पैसे दिले तरी हरकत नाही. शिकवणाऱ्याने तुमचे काम करून देता कामा नये, एवढेच. याउलट उदाहरणाचे उत्तर आधी शोधून मग आपले लिहायला बसणे, अर्धे काम तू कर अर्धे मी करतो म्हणून वाटून घेणे, पैसे देऊन काम करून घेणे, हे सगळे गैर.

आपल्याकडे कॉलेजच्या आसपास 'तयार प्रोजेक्ट मिळतील' अशा पाट्या दिसतात. वडील कधी कधी स्वतःच पैसे काढून देतात. "सगळेच घेतात," हे त्यामागचे कारण. मुलाला आपण नेमके काय विकत घेऊन देत आहोत, याचा विचार त्या वेळी होत नाही.

देणाराही तितकाच अडकतो

आपल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मागणाऱ्याला नाही म्हणू नये, असे आपण त्यांना लहानपणापासून शिकवतो. हुशार मूल मित्राला प्रोग्राम पाठवते ते वाईट हेतूने नाही. मित्र रडकुंडीला आलेला असतो, सबमिशनला तास उरलेला असतो. नाही म्हटले तर दोस्ती तुटेल, अशी भीती असते.

नियम मात्र घेणारा आणि देणारा असा भेद करत नाही. अडलेला तुम्ही नसून तो असेल, तर त्याला आपले उत्तर देणे हेही गैरच. पुढच्या वर्षी हाच अभ्यासक्रम करणाऱ्यांना सापडेल अशा ठिकाणी आपली उत्तरे ठेवणेही गैर. दोन सारखे प्रोग्राम पुढे आले, की कोणी कोणाचे घेतले हे आधी ठरत नाही. दोघांनाही बोलावले जाते. मेहनत करून स्वतः लिहिलेल्या मुलीला "मी कॉपी केलेली नाही" हे सिद्ध करत बसावे लागते. मदत करायचीच असेल तर मित्राच्या शेजारी बसावे, त्याचा प्रोग्राम पाहावा, प्रश्न विचारावेत. त्याला वेळ लागतो. फाइल पाठवायला दोन सेकंद पुरतात, म्हणूनच ती पाठवली जाते.

नावे बदलून का भागत नाही

"नावं तेवढी बदल" हा मित्राचा सल्ला फार जुना आहे. तो जिथे लागू पडत नाही असे यंत्रही तीस वर्षे जुने झाले. १९९४ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अॅलेक्स एकेन यांनी 'मॉस' नावाची प्रणाली तयार केली. पुढे एकेन स्टॅनफर्डला गेले. प्रोग्राममधले साम्य मोजण्याची ही प्रणाली शिक्षकांना मोफत मिळते आणि जगभर वापरली जाते. सीएस-५० ने आता याच कामासाठी स्वतःचेही साधन केले आहे.

मॉस काय करते? प्रोग्राममधल्या मोकळ्या जागा ती काढून टाकते. चलांना दिलेली नावेही ती विचारात घेत नाही. तुम्ही 'उंची' लिहा किंवा 'लांबी' लिहा, तिच्या लेखी ते सारखेच. मग उरलेल्या मजकुराचे छोटे छोटे, एकमेकांवर चढलेले तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याचा एक अंक बनवते. त्यांतले काही अंक ठराविक रीतीने निवडून ठेवते. हे झाले त्या प्रोग्रामच्या बोटांचे ठसे. दोन प्रोग्राममध्ये असे पुष्कळ ठसे जुळले, तर ती जोडी शिक्षकांपुढे येते. ठसे निवडण्याची ही रीत एकेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एका शोधनिबंधात मांडली.

वर्गात सहाशे मुले असतील, तर जोड्या होतात १,७९,७००. कोणताही शिक्षक एवढ्या जोड्या डोळ्यांनी तपासू शकणार नाही. यंत्राला त्याचे काही वाटत नाही. शिवाय आधीच्या वर्षांचे प्रोग्रामही त्याच ढिगात घालता येतात. "गेल्या वर्षीच्या सिनियरचे घेतले, त्याला कोण ओळखणार" ही समजूतही म्हणून फोल ठरते.

पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. यंत्र कुणाला चोर ठरवत नाही. ते फक्त साम्य दाखवते. पिरॅमिडसारखे लहान उदाहरण असेल तर प्रामाणिक मुलांचेही प्रोग्राम एकमेकांसारखे दिसणारच. शिक्षकांनी सर्वांना दिलेला सुरुवातीचा भाग तर सारखा असतोच, तो वगळावा लागतो. म्हणून शेवटी माणूसच दोन्ही प्रोग्राम शेजारी ठेवून वाचतो. तेव्हा बरोबर असलेल्या ओळींपेक्षा चुकांवर जास्त नजर जाते. बरोबर उत्तर दोघांचे सारखे असू शकते. पण एकच निरर्थक ओळ, एकच विचित्र चूक दोघांच्याही प्रोग्राममध्ये त्याच जागी असेल, तर तिचा खुलासा देणे अवघड. शिवणकामात कापडाचा रंग बदलला तरी उलटा पडलेला टाका त्याच जागी दिसतो, तसे हे आहे.

बहात्तर तास

इथवर नियम आणि पहारा झाला. या वर्गाची खरी दखल घेण्याजोगी गोष्ट पुढे आहे.

शिक्षकांच्या लक्षात आले होते की पकडली जाणारी बहुतेक मुले सराईत लबाड नसतात. चूक घडते ती रात्री उशिरा, मुदत संपत आलेली असताना, घाबरलेल्या मनाने. झोप झालेली नसते, इतर विषयांचे ओझे असते, कधी घरची चिंता असते. पहाटे चार वाजता केलेल्या गोष्टीची सकाळी दहा वाजता लाज वाटते. पण तोवर प्रोग्राम जमा झालेला असतो. आता सांगितले तर आपणच आपल्या हाताने संकट ओढवून घेणार, म्हणून मूल गप्प बसते. एकदा निभावले की दुसऱ्यांदा तेच करणे सोपे जाते.

म्हणून २०१४ मध्ये या अभ्यासक्रमाने नियमांत एक नवे कलम घातले. त्याला ते पश्चात्तापाचे कलम म्हणतात. एखाद्याने गैर काम केले आणि ते जमा केल्यापासून बहात्तर तासांच्या आत स्वतः येऊन शिक्षकांना सांगितले, तर प्रकरण पुढे विद्यापीठाच्या शिस्तीच्या यंत्रणेकडे पाठवले जाणार नाही. त्या कामाला शून्य गुण मिळू शकतात. शिक्षा वर्गातल्या वर्गात संपते. पुन्हा पुन्हा तेच केले तर मात्र ही सवलत नाही.

यात माफी फुकट मिळत नाही, हे पाहण्यासारखे आहे. गुण जातात. शिक्षकासमोर उभे राहून "मी केले" असे स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागते. पण मुलाच्या नावावर कायमचा डाग लागत नाही आणि परतीची वाट उघडी राहते. चूक कबूल करून परत फिरणाऱ्यासाठी दार बंद करू नये, ही गोष्ट आपल्या घरांना नवी नाही. एका विद्यापीठाने ती घड्याळाचे तास मोजून लिहून ठेवली, इतकेच.

या कलमाचा आणखी एक फायदा झाला. कबुली द्यायला आलेल्या मुलांशी शिक्षकांचे मोकळे बोलणे होऊ लागले. कुणी दोन रात्री झोपलेला नसे, कुणी मनाने खचलेला असे, कुणाला पहिल्या आठवड्यापासूनच काही समजलेले नसे आणि विचारायची लाज वाटत असे. अशा मुलाला शिक्षेपेक्षा आधाराची गरज असते, आणि तो कुणाला हवा आहे हे त्या बोलण्यातून कळले.

कलम आले म्हणून कॉपी थांबली का? नाही. दोनच वर्षांनी, २०१६ च्या सत्रात, सहाशेहून अधिक मुलांच्या या वर्गातल्या साठांहून जास्त मुलांची प्रकरणे विद्यापीठाच्या ऑनर कौन्सिलपुढे गेली. ही कौन्सिल तेव्हा नवीनच होती. २०१२ मध्ये हार्वर्डच्याच दुसऱ्या एका विषयात घरी सोडवायच्या परीक्षेवरून सुमारे १२५ मुलांची चौकशी झाली होती आणि त्यांतल्या पुष्कळांना काही काळ विद्यापीठ सोडावे लागले होते. त्यानंतर तिथे प्रामाणिकपणाची लेखी संहिता करण्यात आली आणि २०१५ पासून ती लागू झाली. जगातल्या निवडक हुशार मुलांच्या विद्यापीठात ही स्थिती. तेव्हा हुशार मूल असे करणारच नाही, या भ्रमात कोणत्याही आई-बापाने राहू नये. पुष्कळदा हुशार मुलालाच अपयशाची भीती जास्त वाटते.

एआयला विचारले तर?

आता प्रश्न आणखी बिकट झाला आहे. मित्राची गरजच उरलेली नाही. चॅटजीपीटीला उदाहरण दिले की क्षणात पूर्ण प्रोग्राम समोर येतो. सीएस-५० ने यावरही स्पष्ट नियम केला आहे: उत्तरे किंवा प्रोग्रामच्या ओळी सुचवणारी अशी साधने या अभ्यासक्रमात वापरायची नाहीत. पण त्यांनी नुसती मनाई करून सोडले नाही. २०२३ पासून त्यांनी स्वतःचे एक एआयचे साधन विद्यार्थ्यांना दिले आहे. ते एखाद्या चांगल्या शिक्षकासारखे वाट दाखवते, तयार उत्तर हातात ठेवत नाही. त्याचे रूप आहे पिवळ्या रबरी बदकाचे.

बदकच का? प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांत एक जुनी युक्ती आहे. प्रोग्राम अडला की टेबलावर रबरी बदक ठेवायचे आणि त्याला एकेक ओळ समजावून सांगायची. "इथे मी उंची विचारतो. मग इतक्या वेळा हे करतो. मग..." सांगता सांगता आपण मध्येच थांबतो, कारण चूक कुठे आहे ते आपल्याच लक्षात येते. बदक काहीच बोलत नाही. मोठ्याने सांगायला लागणे, यातच औषध आहे.

आपल्या कॉलेजांत

आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधातले साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, दहा ते चाळीस टक्क्यांपर्यंत असेल तर सुधारून सहा महिन्यांत पुन्हा द्यायचा, चाळीस ते साठ टक्के असेल तर वर्षभर थांबायचे आणि त्यापुढे गेले तर नोंदणीच रद्द. पण हे नियम मुख्यतः प्रबंध आणि संशोधनासाठी आहेत. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला प्रोग्रामिंगच्या असाइनमेंटमध्ये काय चालते हे बहुतेक वेळा कुणी सांगितलेलेच नसते.

त्यातून जर्नल उतरवण्याची पद्धत अंगवळणी पडलेली. एकाने लिहायचे, दहा जणांनी पाहून लिहायचे, सबमिशनच्या आदल्या रात्री सह्यांसाठी धावाधाव. माझ्या भाच्याने पहिली तीन सत्रे अशीच काढली. जर्नल नीटनेटके, गुण भरपूर. घरात सगळे खूश. पुढे एका कंपनीच्या मुलाखतीत त्याला कोऱ्या कागदावर लहानसा प्रोग्राम लिहायला सांगितले, एका ओळीतले शब्द उलट्या क्रमाने छापायचा. असाच प्रोग्राम त्याच्या जर्नलमध्ये होता, सही आणि शेऱ्यासह. कागद मात्र कोरा राहिला. घरी येऊन तो म्हणाला, "मामू, मला कुणी पकडलं नाही, हेच वाईट झालं." त्यानंतर त्याने सीएस-५० पहिल्या धड्यापासून केला. वर्ष गेले, पण आज त्याची रोजी त्याच कामावर चालते.

विद्या ही अमानत आहे, असे आपण म्हणतो. प्रोग्रामिंगमध्ये याचा अर्थ फार सरळ आहे. उद्या याच मुलांनी लिहिलेल्या प्रोग्रामवर बँकेचा व्यवहार चालेल, दवाखान्यातली नोंद राहील, रेल्वेचे आरक्षण होईल. तिथे मित्राचा मेसेज येणार नाही. पगाराचा प्रत्येक रुपया आपल्या स्वतःच्या कसबाचा आहे, असे वाटायला हवे असेल तर त्याची सुरुवात या रात्रीच्या असाइनमेंटपासून होते.

घरच्यांनी काय करावे

आपल्याला इंग्रजी येत नाही, कॉम्प्युटर येत नाही, मग आपण काय करणार, असे अनेक आई-वडिलांना वाटते. पण करण्यासारखे पुष्कळ आहे.

सत्राच्या सुरुवातीला मुलाला विचारावे, "तुमच्या सरांनी मदतीचे नियम काय सांगितले आहेत? चर्चा चालते का? एआय चालते का?" त्याला माहीत नसेल तर सरांना किंवा मॅडमना विचारून यायला सांगावे. आधी विचारलेला प्रश्न कधी अंगाशी येत नाही.

असाइनमेंट कधी मिळाली आणि कधी द्यायची, हे कॅलेंडरवर लिहून ठेवावे. गैरप्रकार शेवटच्या रात्री घडतात. काम चार दिवस आधी सुरू झाले की त्या रात्रीची धास्तीच कमी होते. घरात लग्नकार्य असेल, दुकानावर बसायची पाळी असेल, तर मुलाची तारीख पाहून ती दुसऱ्यावर टाकावी. मुलींच्या बाबतीत हे अधिक लक्षात ठेवावे. दिवसभराचे घरकाम आटोपून रात्री अकराला लॅपटॉप उघडणाऱ्या मुलीकडे वेळच उरत नाही.

मूल अडले असेल तर अम्मीने शेजारी बसावे आणि म्हणावे, "मला सांग, तू काय केलंस ते." समजले नाही तरी ऐकावे. "मग पुढे काय होतं?" एवढेच विचारावे. रबरी बदक जर मदत करू शकते, तर जीव लावून ऐकणारी आई त्याहून नक्कीच जास्त करू शकते. आणि स्वतः न लिहिलेला प्रोग्राम मुलाला असा सांगता येत नाही, हेही त्यातच कळून येते.

गुणांची तुलना थांबवावी. "शेजारच्या मुलाला वीसपैकी वीस, तुला बारा कसे?" हे वाक्य मुलाला मित्राच्या फाइलकडे ढकलते. स्वतः लिहिलेल्या, अर्धवट चालणाऱ्या प्रोग्रामचे बारा गुण पाहून "हे बारा तुझे आहेत" असे म्हणणारे घर हवे.

आणि शेवटची गोष्ट. हार्वर्डच्या त्या वर्गात बहात्तर तास आहेत. आपल्या घरात किती आहेत? मुलाने येऊन सांगितले की "अब्बा, मी परवा मित्राचे उतरवून दिले," तर पहिली गोष्ट काय होते? आवाज चढतो, मोबाइल काढून घेतला जातो, नातेवाइकांत बोभाटा होतो? तसे झाले तर ते मूल पुन्हा कधी काही सांगणार नाही. त्याऐवजी अब्बांनी म्हणावे, "सांगितलंस ते बरं केलंस. गुण जातील ते जाऊ देत. उद्या सरांना भेट, मी कॉलेजच्या दारापर्यंत येतो. आणि आज तो प्रोग्राम तुझ्या हाताने लिहायला बस."

ज्या घरात असे सांगता येते, त्या घरातला मुलगा रात्री एक वाजता आलेला मेसेज पाहतो, उघडत नाही आणि लिहितो, "फाइल नको, यार. फोन कर, माझं कुठे चुकतंय ते बघ."